अंडरकट : ठेवायचा कसा, वाढवायचा कसा

केस कापून घ्यायला अर्धा तास पुरतो आणि तेच केस परत यायला दीड-दोन वर्षे लागतात. हिशेब सरळ आहे, तरी पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधी तो मुलींना कोणी सांगत नाही. आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला येणाऱ्या मुलींमध्ये गेल्या काही वर्षांत अंडरकट केलेल्या मुली दिसू लागल्या. कुणी कानावरची एक बाजू मशीनने बारीक केलेली, कुणी मानेवरचे केस काढलेले. सुरुवातीला आमच्यापर्यंत आयांच्या तक्रारी आल्या. नंतर मुलींचे प्रश्न येऊ लागले आणि फिरून फिरून प्रश्न एकच, "आता हे वाढवायचे कसे?" आम्ही कारकुनी करणारी माणसे, जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून पार्लर चालवणाऱ्या दोघी भगिनींशी आणि आमच्या भागातल्या एका जुन्या सलूनवाल्या काकांशी बोलून या विषयाचा जमा-खर्च येथे मांडत आहोत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरचे केस लांब ठेवायचे आणि त्यांच्या खालचे, म्हणजे कानांच्या वरचे किंवा मानेवरचे, मशीनने अगदी बारीक करायचे, हा झाला अंडरकट. केस मोकळे सोडले की बारीक केलेला भाग झाकतो, वर बांधले की दिसतो. मूळचा हा पुरुषांचा कट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांतली तरुण पोरे असे केस ठेवीत. स्त्रियांमध्ये तो बराच नंतर पसरला. २००९ साली कॅसी या अमेरिकन गायिकेने डोक्याची एक बाजू भादरली, २०१२ साली मायली सायरसने बाजू आणि मान बारीक करून वर आखूड केस ठेवले. अशा नट्या-गायिकांचे पाहून तो ठिकठिकाणच्या पार्लरमध्ये मागितला जाऊ लागला. "परदेशी थेर" म्हणून नाक मुरडणाऱ्या बुजुर्गांना मात्र एक आठवण द्यावीशी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आपल्याकडच्या पुरुषांचे फोटो काढून पाहावेत. चहूबाजूंनी तासलेले डोके, मध्ये घेरा आणि त्यातून निघालेली शेंडी. तो अंडरकट नव्हता तर काय होते?

पण पुरुषाच्या डोक्याला वस्तरा लागला तर कुणाला काही वाटत नाही आणि बाईच्या डोक्याला मशीन लागली की घरात सुतक पडल्यासारखे होते, याला कारण आहे. महाराष्ट्रात बाईचे भादरलेले डोके म्हणजे केशवपन. नवरा गेला म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना न्हाव्यापुढे बसवीत. ही चाल ब्राह्मण घरांतली, पण तिची धास्ती सगळ्याच समाजांत उतरली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिक बांधवांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला. ज्यांची रोजीरोटी वस्तऱ्यावर होती त्यांनी तो वस्तरा खाली ठेवला. तेव्हा प्रश्न वस्तऱ्याचा होता तसा मर्जीचाही होता. त्या पोरींना कोणी विचारले नव्हते. आजची मुलगी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पायाने जाऊन केस कापून घेते. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या ओळखीची एक आई या कारणावरून मुलीशी चार दिवस बोलली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाली, "चांगली धडधाकट पोर, आणि डोकं असं करून बसली." तिला लोखंड्यांची हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "ते सगळं खरं हो ताई-दादांनो, पण पाहुण्यांना काय सांगू?" याला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. नंतर मुलीनेच तोड काढली. पाहुणे आले की ती केस मोकळे सोडते.

हौसेखेरीज सोयीसाठीही हा कट केला जातो. नर्सिंगला असलेल्या एका मुलीचे केस दाट, कुरळे आणि कमरेपर्यंत. अंबाडा घातला की मान अवघडायची, डोके दुखायचे, मे महिन्यात मानेवर घामोळे उठायचे. लांब केस तर सोडवत नव्हते. तिने मानेवरचे तीन बोटे रुंदीचे केस काढून टाकले. अंबाड्याचे ओझे हलके झाले, मानेला वारा लागू लागला. ड्युटीवर टोपी आणि अंबाडा यांखाली काही दिसतही नाही. दाट केसांच्या बाईला हा मानेवरचा प्रकार खरोखर सुखाचा आहे, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो.

सगळे काही रेघ कुठे आखली यावर अवलंबून आहे. डोके कानाच्या वर थोडे सरळ जाते आणि मग माथ्याकडे वळते. रेघ त्या वळणाच्या खाली राहिली तर वरचे केस तिच्यावर पडतात आणि पुढे वाढवतानाही झाकले जाते. रेघ वळणाच्या वर गेली की झाकायला केसच उरत नाहीत. पहिल्यांदा करणारीने बाजूला कानाच्या वर दोन बोटे आणि मागे एका कानाच्या मध्यापासून दुसऱ्या कानाच्या मध्यापर्यंत, एवढ्यावर थांबावे. आवडले तर रेघ पुढच्या महिन्यात वर नेता येते. खाली आणायला मात्र महिने मोजावे लागतात. दोन्ही बाजू आणि मान एकदम करून घेऊ नयेत, हाही पार्लरवाल्या भगिनींचा सल्ला. एक बाजू वाढवणे सोपे, तिन्ही वाढवणे म्हणजे नव्याने केस वाढवणेच.

आता ठेवण्याचा खर्च. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे ढोबळ मानाने अर्धा इंच वाढतात. मशीनला जे कंगवे लागतात त्यांचे नंबर असतात. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे ९ आणि चार म्हणजे १२ च्या आसपास. यावरून पाहा, एक नंबरने कापलेले केस तीन-सव्वातीन आठवड्यांत चार नंबरच्या लांबीला पोचतात. म्हणजे ज्या तुकतुकीत डोक्याची हौस होती ते डोके महिनाभरही टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी मशीन फिरवलीच पाहिजे. दोन-तीन नंबरवर ठेवले तर पाच आठवडे निभते आणि दिसायलाही मऊ दिसते. आम्ही मुलींना दोन नंबरच सुचवतो.

दर खेपेला पार्लरला जाणे परवडण्यासारखे नाही. त्यातून काही पार्लरमध्ये मशीन नसते आणि पुरुषांच्या सलूनमध्ये "लेडीज कटिंग होत नाही" म्हणून परत पाठवतात. आमचे सलूनवाले काका पाठवत नाहीत, पण बाकावर बसलेली पोरे टक लावून पाहतात म्हणून मुलीच जायचे टाळतात. तेव्हा दोघी-तिघींनी मिळून घरी एक मशीन घ्यावी हे उत्तम. पद्धत अशी. केस कोरडे असावेत. वरचे केस शेपटीच्या कंगव्याने रेघ पाडून वेगळे करावेत आणि चिमट्यांनी घट्ट बांधावेत, एकही बट खाली लोंबता कामा नये, कारण मशीनखाली एक बट गेली की ती सहा-आठ महिन्यांचा घोर लावते. आधी मोठ्या नंबरचा कंगवा लावावा, मग लहान. मशीन केसांच्या उगवण्याच्या उलट दिशेने, खालून वर, सावकाश न्यावी. मानेवर केसांचा भोवरा असतो, तेथे दिशा बदलावी लागते. कान हाताने दुमडून धरावा. बाजूचे स्वतःला आरशात जमते, मानेचे बहिणीकडून किंवा मैत्रिणीकडून करून घ्यावे. नवऱ्याने करून दिले तरी हरकत नाही, त्यांनाही काही काम असावे.

पात्याची स्वच्छता मात्र हसण्यावारी नेऊ नये. एकाच्या डोक्यावरचा नायटा मशीनच्या पात्यातून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. सलूनमध्ये रेघ साफ करायला वस्तरा लावणार असतील तर ब्लेड आपल्यासमोर नवे घालायला सांगावे, रक्तातून पसरणारे हेपॅटायटिस बी सारखे रोग जुन्या ब्लेडने लागू शकतात. घरच्या मशीनचे पाते प्रत्येक वेळी ब्रशने झाडून, स्पिरिटने पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून ठेवावे. कुरळ्या, राठ केसांच्या मुलींनी मानेवर वस्तरा लावूच नये. कापलेला केस आत वळून कातडीत शिरतो आणि बारीक पुळ्या येतात. पुळ्या पिकल्या किंवा गोल चट्टा पडून खाज सुटली तर घरगुती लेप न करता दवाखान्यात दाखवावे.

येथे एका समजुतीचा निकाल लावून टाकू. "भादरले की केस दाट येतात" असे जावळ काढताना आपण सगळेच ऐकत आलो. केसाचे मूळ कातडीच्या आत असते आणि मशीन चालते कातडीच्या बाहेर. मुळाला खबरही लागत नाही. वाढलेल्या केसाचे टोक झिजून निमुळते झालेले असते, कापलेल्याचे बोथट असते, म्हणून हाताला राठ लागते, इतकेच. त्याच न्यायाने अंडरकटमुळे केस विरळही होत नाहीत. तेव्हा दाट होतील या आशेने कुणी करू नये आणि कायमचे जातील या भीतीने कुणी रडू नये.

आता मुख्य विषय, वाढवणे. मशीन बंद केल्यापासून दीड-दोन महिने काही करण्यासारखे नसते. केस खुंटासारखे टोचतात, उशीवर खाज येते. थोडे खोबरेल बोटांनी लावावे आणि सोडून द्यावे. आपल्यातली मुले श्रामणेर शिबिरातून परत आली की त्यांची डोकी कशी भराभर काळी होतात ते आपण पाहतो. तसेच हे.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत. केस दीड-दोन इंच झालेले असतात, खाली पडायला आखूड आणि लपायला लांब. आपल्याकडचे सरळ, जाड केस या लांबीला कानाच्या वर आडवे उभे राहतात, झाडूच्या हिरासारखे, आणि त्यांच्यावर पडलेले लांब केस फुगून एका बाजूला डोके मोठे दिसते. आमच्या पाहण्यातल्या तिघी मुलींपैकी दोघींनी नेमक्या याच टप्प्यावर कंटाळून पुन्हा मशीन फिरवली आणि चार महिने पाण्यात गेले. एकीला तर घरच्यांनीच "कोंबडा" म्हणून हैराण केले होते. ज्यांना मुलीचे केस वाढावेत अशी इच्छा होती त्यांनीच चेष्टा करून तिला परत पार्लरला पाठवले. त्या आईला आणि भावांना आम्ही तोंडावर सांगितले, येथेही सांगतो, की या चार महिन्यांत तिच्या डोक्याबद्दल घरात एक अक्षर काढू नये. चांगलेही नको.

या टप्प्यावर उपाय आहेत. सकाळी बाजूचे केस ओले करून खालच्या दिशेने विंचरावेत, कोरफडीचा गर किंवा थोडे जेल लावावे आणि वरून ओढणी किंवा रुमाल घट्ट बांधून अर्धा तास घरातली कामे करावीत. केस वाळतात ते बसूनच. बाहेर जाताना दोन काळ्या पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावल्या की हलत नाहीत, एकटी पिन घसरते. भांग दुसऱ्या बाजूला पाडून लांब केस वाढत्या बाजूवर घ्यावेत. रुंद हेअरबँड चालतो. केस दोन इंचांच्या पुढे गेले की कपाळाच्या कडेपासून कानामागे बारीक, चपटी, डोक्याला चिकटून जाणारी वेणी घालता येते. तिच्यात लांब केसांची एक बट घेतली की आखूड केस धरून राहतात. ही वेणी फार ताणून घालू नये. रोज ताण बसला की कानशिलावरचे केस मुळातून जातात, आणि ते मात्र सहजी परत येत नाहीत.

मानेवरच्या केसांचे गणित वेगळे. ते वाढून कॉलरवर आले की शेपटीसारखे दिसू लागतात आणि बाजूचे अजून कानाशीही आलेले नसतात. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी मानेची फक्त खालची कड सरळ करून घ्यावी. "मी केस वाढवते आहे, बाजूला हात लावू नका," असे खुर्चीत बसताच सांगावे. कात्री हातात आली की कापणाऱ्याला आवरत नाही, हे पार्लरवाल्या भगिनीच हसत हसत आम्हाला म्हणाल्या. ज्यांची रेघ फार वर गेलेली आहे त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. सगळे एकदम सोडू नये. वरचा एक इंचाचा पट्टा वाढू द्यावा आणि खालचा बारीकच ठेवावा. दोन महिन्यांनी रेघ आणखी एक इंच खाली आणावी. वेळ जास्त लागतो, पण झाडूचा हीर एका वेळी थोडाच दिसतो आणि वरच्या वाढलेल्या पट्ट्याखाली झाकला जातो.

सात-आठ महिन्यांनी केस कानामागे खोचता येऊ लागतात आणि जीव भांड्यात पडतो. येथे दोन वाटा फुटतात. एक, लांब केस हनुवटीपर्यंत कापून टाकायचे म्हणजे खालचे त्यांना लवकर गाठतात. बाजूच्या केसांना कानावरून हनुवटीपर्यंत यायला साधारण बारा ते चौदा महिने लागतात. सव्वा वर्षात बॉब एकसारखा होतो आणि प्रकरण संपते. दुसरी वाट, लांब केस तसेच राखायचे. मग खांद्यापर्यंत पावणेदोन वर्षे आणि पाठीच्या मध्यापर्यंत तीन वर्षे धरून चालावे. आमचा कल पहिल्या वाटेकडे आहे. परंतु ज्या मुलीला आपल्या लांब वेणीची माया आहे तिला आम्ही कापायला सांगणार नाही. तिने तीन वर्षे पिना बाळगाव्यात.

महिन्याभरात केस वाढवून देणारी तेले घेऊ नयेत. असे तेल नाही. खोबरेल केस तुटण्यापासून थोडे वाचवते, वाढीचा वेग बदलत नाही. पोटात काय जाते ते अधिक महत्त्वाचे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदले गेले आहे, आणि रक्तात लोह कमी असले की केस गळू शकतात. वाढवूनही केस पुढे सरकत नाहीत असे वाटले तर तेलाच्या बाटलीआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. डाळी, अंडी, मासे, हरभरे, पालेभाज्या आणि जोडीला लिंबू किंवा आवळा, एवढे आपल्या घरात जमते. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस जातात आणि आपोआप परत येतात. अशा वेळी वाढवण्याचा हिशेब दोन-चार महिने पुढे ढकलावा.

मुलाखती आणि लग्न ही दोन निमित्ते घेऊन मुली घाईने आमच्याकडे येतात. एका मुलीला एका खासगी कार्यालयात कामाबद्दल एकही प्रश्न न विचारता केसांबद्दल तीन प्रश्न विचारले गेले. बीकॉमला प्रथम श्रेणी मिळवलेली मुलगी! तिने उत्तर काय द्यायचे ते तिने ठरवावे, पण मुलाखतीला जाताना भांग बदलून, मागे खाली अंबाडा घालून गेले तर तो विषयच निघत नाही, ही व्यवहाराची गोष्ट झाली. लग्नासाठी गंगावन आहेच. मात्र ते बांधायला मूळचे केस निदान चार इंच तरी हवेत, आखूड केसांना ओढून बांधू नये. मानेवर अजून बारीक असेल तर अंबाडा थोडा खाली घेऊन त्याखाली गजरा अर्धगोल लावावा, पूर्ण झाकते. तारीख ठरलेली असेल तर मशीन निदान आठ महिने आधी बंद करावी.

नर्सिंगच्या त्या मुलीने मात्र अजून वाढवायला घेतलेले नाही. तिची मशीन सध्या तिची आई चालवते, दर दुसऱ्या रविवारी, दोन नंबरने.